मुराळी होऊन युगांडाला

आमच्या सास्तूरच्या चर्चच्या मंडळीनं मला युगांडाला धाडलं ते धीर द्यायला. तिथं आमच्या गावची एक लेक, तिचा नवरा आणि तीन वर्षांची पोर मिशनरी म्हणून राहतात. तो शाळेत शिकवतो, रविवारी उपासना घेतो, ती बायांची प्रार्थना चालवते. चार वर्षं झाली जाऊन. अलीकडं फोनवर तिचा आवाज खाली गेल्यासारखा यायचा, आणि एकदा जावईबापूच बोलून गेले की बहुतेक कायमचं परत यावं लागंल. पाळकसाहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, मावशी, बाईच्या मनातलं बाईलाच काढता येतं, तुम्ही जा आणि त्यांना तिथं टिकवून या.

खरं सांगायचं तर मला टिकवण्यापेक्षा बघायचीच हौस जास्त. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं हाताला लागंल ते वाचून शिकले. नकाशात बोट फिरवून युगांडा मीच शोधला. निघायच्या आदल्या दिवशी तिची आई आली. शेंगापोळ्यांचं गाठोडं, एक इरकल लुगडं आणि चोळीचा खण माझ्या हातात दिला, आणि लगेच माघारी गेली. आईच ती, देणारच, म्हणून मी पिशवीत भरलं.

सोलापूरच्या एक नर्सबाई तिकडंच चालल्या होत्या, त्यांच्या सोबतीनं गेले. माती आपल्या काळ्या रानासारखी न्हाय, गेरूसारखी लाल. कच्ची केळी उकडतात, कुस्करून गोळा करतात आणि शेंगदाण्याच्या कालवणात बुडवून खातात. मी तर विचारतच सुटले, हे कशाचं, ते कशाला. शेजारीण भेटायला आली ती दारातच गुडघ्यावर बसली. मोठ्या माणसाला तिथं असा सलाम करतात. मला काय ठाऊक, मीपण तिच्यासमोर गुडघे टेकले. मग मला उठता येईना, आणि माझ्याआधी तिला उठणं बरं वाटंना. शेवटी जावईबापूंनी मला काखेत धरून उभं केलं.

पोचले त्या दिवशी घरात शिरल्यावर गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं, लुगडं आणि खण लेकीच्या ओटीत घातला. तिनं कपाळाला लावला आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली न्हाय.

दुसऱ्या दिवसापासून माझं धीर देणं सुरू. सकाळी वचन वाचायचं, संध्याकाळी प्रार्थना, मधल्या वेळात ज्यांनी लांब जाऊन देवाचं काम केलं त्यांच्या गोष्टी. ती मान डोलवायची आणि कामाला लागायची. गोधड्या धुतल्या, डबे घासून पालथे घातले, पोरीचे कपडे मोजून बांधले. मी मनात म्हणायचे, किती नीटनेटकी पोरगी. तिसऱ्या दिवशी दाराआड ट्रंक दिसली, दोरीनं आवळलेली. मी विचारायच्या आत तिनंच विचारलं.

“मावशी, पंचमी सहा दिवसांवर आली. कवा निघायचं?”

“कुठं गं?”

“गावाला. तुम्ही मुराळी होऊन आलाव न्हवं?”

उंबऱ्याच्या आत ठेवलेलं गाठोडं मला आठवलं. आम्ही ख्रिस्ती लोक नाग पुजत न्हाय, पण पंचमीला आमच्याबी लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. न्यायला भाऊ जातो, शिदोरी आणि खण घेऊन. तोच मुराळी. शिदोरी उंबऱ्याच्या आत आली की सासरच्यांनी समजायचं, पोरगी न्यायला आलेत. हिला भाऊ न्हाय. तिच्या आईला बरोबर ठाऊक होतं माझ्या हातात काय दिलं ते. माझा भाऊ वीस पंचम्या असाच आला, आणि मला उमगू नये. विमानानं गेले म्हणून विसरले की काय कोण जाणे.

मग ती बोलली. काम नको झालंय असं न्हाय म्हणाली. “पर इथं मी सगळ्यांची मॅडम हाय. चार वर्षांत मला न्यायला कुणी आलं न्हाय.” नवऱ्याला तिनं सांगून ठेवलं होतं, कुणी न्यायला आलं तर जाऊन परत येईन, आणि माझी मीच गेले तर परत येणार न्हाय.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडं परदेशातलं एक जोडपं येऊन राहिलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये औषधं वाटायचं. ती बाई संध्याकाळी एकटीच दगडावर बसायची. आम्ही तिच्याकडून गोळ्या घेतल्या, पण तिचं माहेर कुठं ते एकीनंबी विचारलं न्हाय. ते त्या दिवशी आठवलं आणि वाईट वाटलं.

पाळकसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, टिकवायला पाठवलं आणि तुम्ही घेऊनच यायलाव. मी म्हटलं, साहेब, नेली तरच टिकंल. शेवटी बरं म्हणाले.

जावईबापू सोलापूरकडचे, रीत जाणणारे. खुर्ची ओढून समोर बसले.

“किती दिवस ठेवणार, मावशी?”

“तीन महिने.”

“एक.”

“मुराळ्याचा मान ठेवा की जरा.”

“आधी मिशा दाखवा, मग मान.” आतून ती हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा. दोन महिन्यांवर मिटलं, न्यायला ते स्वतः येणार.

खरी गंमत पुढंच. रविवारी प्रार्थनेनंतर तिनं बायांना गावाला चालल्याचं सांगितलं. गलका झाला, मग सगळ्या माझ्याकडं वळल्या. शेजारणीनं टोपलीभर शेंगा माझ्यासमोर ठेवल्या, या वेळी गुडघे न टेकता, कमरेवर हात ठेवून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणतीय गं ही?

“विचारतीय, आमच्या पोरीला परत कवा आणून सोडणार?”

आता सासरच्यांनी विचारल्यावर मुराळ्याला शब्द द्यावा लागतो. मी तारीख सांगितली. तिनं ती त्यांच्या भाषेत सांगितली, तर शेजारणीला पटेना, पुन्हा म्हणायला लावली. दुसऱ्यांदा सांगताना लेकीचा आवाज मोठा झाला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “मावशी, माझ्याच तोंडून गेलं. आता मला इथं परत यावं लागंल.”