सासूबाईंचा सिनेमा

गेल्या रविवारी गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूरच्या घरात भरदुपारी टीव्हीसमोर रडारड झाली... आणि मला बरं वाटलं! आता मला दुष्ट म्हणायच्या आधी पूर्ण वाचा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, पोळ्याच्या सुमारास गेले. तेव्हापासून आई (माझ्या सासूबाई) एकदाही रडल्या नाहीत. जेवण दोन घास, बोलणं हो-नाहीपुरतं. शेजारच्या बायका मला रोज बजावायच्या, 'उन्हें रुलाओ, नहीं तो बीमार पड़ेंगी.' अरे, रडवायचं कसं? चिमटे काढू?

मग एका चॅनलवर जाहिरात लागली... पुढचा महिनाभर दर रविवारी दुपारी जुने सिनेमे. पहिल्याच सिनेमाचा फोटो बघून आई एकदम म्हणाल्या, "हा आमी पायला. याचा शेवट लय चांगला आहे."

इतकं लांब वाक्य! मी ब्लाऊजची शिलाई सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

तेव्हा त्यांचं गाव गोरेगावच्याही पुढे (आमचं गोंदियाकडचं गोरेगाव, मुंबईचं नव्हे). गोंदियाला तीनचा खेळ बघायचा, पण तो सुटायच्या आधीच शेवटची एसटी निघायची. त्यामुळे त्या गावात सगळ्यांचे सिनेमे अर्धवटच! ज्याचं कोणी गोंदियात राहायचं, त्याला मुक्काम करून पूर्ण सिनेमा बघता यायचा. मग गावात आठवडाभर त्याचा काय थाट...

या सिनेमातला नावाडी हिरो शहरात जातो आणि हिरोईन घाटावर वाट बघत बसते. नेमके इथेच आई आणि मामाजी उठून गाडीसाठी पळाले होते. पुढच्या आठवड्यात मामाजी बियाणं आणायला एकटेच गोंदियाला गेले, परतीला बियाण्याचा ट्रक होता, म्हणून आईसाठी शेवट बघून आले. हिरो लाल बांगड्या घेऊन परत येतो, दोघं कौलारू घर बांधतात, दोन मुली होतात... आईंनी मला सगळं रंगवून सांगितलं.

मी आपली हौशी. मोबाईलवर शोधलं... तर काय! हिरो परत येतच नाही. बुडून मरतो. मामाजींनी चक्क थाप मारली होती.

आता काय करू? नवरा गेलेल्या बाईला हा शेवट दाखवू? रविवारी सेट-टॉप बॉक्सची वायर काढून 'लाईन गेली' म्हणायचं, असं मी ठरवूनच टाकलं. पण आई नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर बसल्या, भाताचं ताट पूर्ण संपवलं. माझा हात काही वायरीकडे जाईना.

शेवटी नदीतून रिकामी नाव वाहत आली. हिरोईन घाटावरच बसून राहिली. समाप्त.

मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात आई हळूच म्हणाल्या, "त्यायनं पायला होता हा शेवट. घरी आले तवा डोळे लाल होते त्यायचे. मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, गाडीत धूळ लय होती."

मग म्हणाल्या, "तवा तुया नवरा पोटात होता. मले रडू नसतं देल्लं त्यायनं."

आणि मग आई रडल्या... पदर तोंडाला लावून, अगदी पोटभर. मीही रडले, खोटं कशाला सांगू. मामाजी, तुमच्यासारखा माणूस आमच्या घरात होता, हे आम्हाला केवढ्या उशिरा कळलं हो.

रडून झाल्यावर आईंनी तोंड धुतलं, चहा मागितला आणि मला दटावलं, "दीपकले नको सांगजो. लहानपणी झोपवाले त्याले मी हीच कहानी सांगत होती."

दीपक म्हणजे माझा नवरा. तो फेसबुकवर नाही, म्हणून तर इथे लिहून राहिले. संध्याकाळी तो क्रिकेट खेळून आला. आईचे सुजलेले डोळे बघून घाबरला, मग टीव्हीकडे बघून मला विचारलं, "आजच होता ना तो सिनेमा? आला का मग हिरो परत?"

"आला ना," मी म्हटलं. "काऊन नाही येणार?"