कच्ची स्क्रीन

पेणच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा गृहस्थ स्क्रीनचं चित्र कधीच बघत नाही. गणपतीच्या कारखान्यांसाठी आम्ही बुकिंगचं ॲप बनवतो. बटण कुठे, फोटो कुठे, ही मांडणी कॉम्प्युटरवर चित्रासारखी समोर दिसते. हा मात्र फाइल उघडली की आधी ते चित्र बंद करतो आणि तीच मांडणी साध्या मजकुरात, ओठ हलवत, ओळ न् ओळ वाचतो.

"चित्रात दिसतंय की सगळं," मी एकदा म्हटलं.

"रंग चढला की तडा दिसत नाय," मान न वळवता तो म्हणाला. तो मूर्तींच्या कारखान्यात वाढलेला. तिथे मूर्ती रंगाला जाण्याआधी, कच्ची असतानाच तपासतात.

मला ते काही पटलं नाही; हाच मजकुरात काहीतरी लपवत असावा, असं वाटलं. चित्र सगळे बघतात, पण मजकुरात कुणी काय दडवलं ते कोण बघतो? आकार शून्य केलेलं, चित्रात न दिसणारं एखादं बटण तिथे सहज खपून जातं. म्हणून परवा तो चहाला गेल्यावर मी त्याची फाइल उघडली, चित्र बंद केलं आणि त्याच्यासारखीच वाचत गेलो. सगळं स्वच्छ होतं.

मागून आल्याच्या चहाचा वास आला. तो दोन कप घेऊन उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"नाय ना काय सापडलं?" एक कप माझ्यापुढे ठेवत तो शांतपणे म्हणाला. "मलापन तुझ्या फायलीत अजून काय नाय सापडलं. रोज बघतो मी."