लो म्हणजे घ्या

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत राजेलोकांच्या मोटारी जुन्या भांड्यांसारख्या विकायला निघाल्या. त्यातली एक आमच्या काकांनी बुऱ्हाणपूरला आणली. काका कापसाचे आडते. वडील गेल्यावर घराचे कर्ते तेच, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नसत. मोटार अमेरिकन, बरीच जुनी, आणि तिला क्लचच नव्हता. गेर आपले आपण बदलत. असलं काही गावात कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं.

स्टिअरिंगजवळ एक दांडी होती आणि तिच्यावर अक्षरं: एन, डीआर, एलओ, आर. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांचा अर्थ लावून टाकला. एनवर मोटार हलतच नसे, म्हणून ते सोडून दिलं. डीआर म्हणजे डॉक्टर. राजवैद्याला घाईने आणायची ती जागा. घरात कोणी आजारी नसताना दांडी तिथे नेणं अशुभ. आर म्हणजे राजा, पण तिथे दांडी नेली की मोटार मागे जाई. शेजारच्या दुकानदाराने खुलासा केला, "राजे लोक आता मागंच जानार ना, भाऊ." राहिलं एलओ. ते तर उघड हिंदीच. लो! घ्या आणि चला.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. म्हटलं, "काका, ते हिंदी नाही, इंग्रजी आहे. लो म्हणजे खालचा गेर, चढणीचा. रोज चालवायचा तो डीआर, म्हणजे ड्राइव्ह."

"तू पुस्तकं वाच, पोरी," काका म्हणाले. "मोटार मरदाचं काम आहे. राजाच्या मानसांनी सोचसमजूनच लिवलं असंल."

म्हणून मोटार कायम लोमध्ये चालली. शाहपूरच्या रस्त्याला लागली की तिचा आक्रोश ऐकून केळीच्या बागांतली माणसं बांधावर येऊन उभी राहत, आणि सायकलवाले तिला मागे टाकून निघून जात. एवढं ओरडून एवढं कमी चालणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही, काका सोडले तर.

मग निदान सुरू झालं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर म्हणाला, क्लच घसरतोय. नसलेला क्लच शोधत तो दुपारभर मोटारीखाली पडून राहिला. ट्रकच्या मिस्त्रीला वाटलं, तिला इथलं पाणी मानवलं नाही. काकांचं मत पडलं, वंगण कमी. गेरपेटीतलं तेल मोजायची पट्टी होती, आणि तेल तिच्यावरच्या खुणेला बरोबर टेकलेलं होतं. ते मी दाखवलं.

"निशान कंजूस लोकांसाठी असते," काका म्हणाले.

बैलगाडीच्या आसाला जेवढं चोपडाल तेवढं चाक हलकं फिरतं, हे त्यांचं यंत्रशास्त्र. त्यांनी एरंडेल मागवलं आणि गेरपेटीत गळ्यापर्यंत ओतलं. मोटार दुरुस्त करायची होती की तिचं पोट साफ करायचं होतं, देव जाणे. त्या दिवसापासून तिच्याखालून फेस गळू लागला आणि ती मधूनमधून नुसतीच गुरगुरत उभी राहू लागली.

त्याच सुमारास नेपानगरला नवी वसाहत उभी राहत होती. तिथल्या शाळेत मला मास्तरणीची जागा मिळाली. सोमवारी दुपारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. आणि जागा गेली की डोईफोडिया गावचा एक बिजवर काकांनी माझ्यासाठी हेरून ठेवलाच होता. मला ती नोकरी हवी होती. एवढं मनापासून काही मी आयुष्यात मागितलं नव्हतं. सकाळची पॅसेंजर मला वेळेत पोहोचवणार होती, पण काका तांबडफुटीलाच मोटार काढून दारात उभे.

"घरात मोटार असून आपली पोरगी पॅसेंजरनं जाईल? लोग काय बोलतील?"

वाटेत चांदनी गावाच्या अलीकडे मोटार थांबली. इंजिन धडधडत होतं, चाक हलत नव्हतं. मी डीआरला दांडी न्यायला सांगितलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणाचं मरण चिंतलं होतं. तोवर भोवती माणसं जमली आणि प्रत्येकाकडे सल्ला होता. एकाने बॉनेटला नमस्कारही केला. काकांनी डिकीतून एरंडेलाचा डबा बाहेर काढला.

तो डबा पाहिला आणि मी माझी ट्रंक उचलली. चांदनीचं स्टेशन समोर दिसत होतं आणि बुऱ्हाणपूरकडून पॅसेंजर यायची होती.

काका मागून ओरडले. मला वाटलं, थांब म्हणतील, एकटी कुठं चालली म्हणतील, निदान ट्रंक तरी धरतील. ते म्हणाले, "तिथं सांगशील, मोटरीनं आली म्हणून!"

मी वळून पाहिलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा रागही आला नाही, नुसती किळस आली.

शाळेत मुख्याध्यापकांनी वर पाहून विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की त्यांनी पुन्हा विचारलं नसतानाही मी ते आणखी एकदा सांगितलं.