प्रार्थनेचा विषय

हे जे मी आता सांगणार आहे, ते आजवर एका माणसाखेरीज कुणापुढे बोललो नाही. आईपुढे नाही, चर्चच्या पाळकसाहेबांपुढे नाही. देवापुढे बोलायची गरजच नव्हती, तो त्या खोलीत हजर होता — तरी त्याच्याशीही मी वर्षानुवर्षं विषय बदलत आलो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही शेवटपर्यंत ऐकाल असं वाटतं. आणि मध्येच "जाऊ द्या हो" म्हणायला तुम्ही समोर बसलेले नाही, हेही बरंच आहे.

घाबरू नका, रडगाणं नाही. मी सध्या इतका आनंदात असतो की आईला वेगळीच शंका येते. परवा भांडी घासताना मी मोठमोठ्याने गात होतो, तर ती बीपीचं मशीन घेऊन आली. मग आधी आनंदाचंच सांगू? तेच सोपं आहे. सोपं ते आधी सांगायचं आणि अवघड ते राहूच द्यायचं, ही माझी जुनी खोड आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

मी गे आहे. मराठीत समलिंगी म्हणतात. तो शब्द मला सरकारी अर्जातल्या रकान्यासारखा वाटतो, पण आहे तो आहे. आणि मी ख्रिस्ती आहे — जन्माने, सवयीने आणि अगदी मनापासून. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात, असं लोक विचारतात. अहो, सक्करदऱ्याला दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहायचो, वर पाहुणे असायचे. माझ्यासारख्या आडमाप माणसात दोन गोष्टींना जागा होणार नाही का?

पण हे मला फार उशिरा कळलं. मी हिंगण्याला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मशीनवरून आलेला माल तपासायचा. चांगला तो पास. बिघडलेला तो लाल ट्रेमध्ये. आणि मधला — थोडा घासला तर चालून जाईल असा — तो रिवर्कला. देवाने मला रिवर्कला ठेवलंय, असं मी धरून चाललो होतो. आज ना उद्या हा सुधारेल, म्हणून तो थांबलाय. प्रभुभोजनाला गुडघे टेकले की वाटायचं, भाकर माझ्या हातावर चुकून पडली, आता कुणीतरी परत मागेल. उपास केले. कॅल्व्हरीच्या, म्हणजे वधस्तंभाच्या, गीतांवर ढसाढसा रडलो. एकदा तर मुलगीही पाहून आलो! तिने दहा मिनिटांत मला नापास केलं. त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मग गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. माझी आई निवृत्त नर्स, तिची सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. तिने ऐकून घेतलं, एक पिवळं पान बाजूला टाकलं आणि म्हणाली, "हे तू मले आज सांगून राहिला? काहून गा, मले डोळे नाहीत का? जिंदगीभर लोकायचे लेकरं हातात घेतले मी. लेकरू जसं येते तसं घ्या लागते. कोणत्या बाईले म्हटलं का मी, थांब वं, हे परत आत घाल अन् दुसरं काढ?"

मी आधी हसलो, मग रडलो, मग पुन्हा हसलो. तिने माझ्यापुढे मेथीची दुसरी जुडी सरकवली.

त्याच आठवड्यात, कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून बसलो असताना मला ते उमगलं. चमत्कार वगैरे काही नाही. शेजारचा घोरत होता. पण एकदम कळलं की देवाने मला केव्हाच पाहिलंय. नीट पाहिलंय. आणि तो नाराज नाही. मी रिवर्कचा माल नव्हतोच! केवढं हलकं वाटलं, काय सांगू. गेटवर उतरलो तेव्हा वॉचमनला मी "गुड मॉर्निंग" ऐवजी "हॅपी ख्रिसमस" म्हणून बसलो.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपकारस्तुती असते. ज्यांचे वाढदिवस, ज्यांच्या लग्नाचे वाढदिवस, ती माणसं पुढे जातात, दानाचं पाकीट ठेवतात, सगळे त्यांच्यासाठी गातात. जोडपी लाजत उभी राहतात. कोर्टाने आम्हाला गुन्हेगार नाही म्हणून सांगितलं, ते ठीकच. पण आम्हाला ना लग्न, ना त्याचा वाढदिवस, ना ते गाणं. इतकी वर्षं मी गायनमंडळात उभा राहून दुसऱ्यांच्या लग्नांना बेस, म्हणजे खालचा सूर, लावत आलो. त्यानंतर आलेल्या पहिल्या रविवारी मी रांगेतून बाहेर पडलो आणि पुढे गेलो. पाळकसाहेबांनी विचारलं, वाढदिवस का? मी माईक घेतला आणि म्हणालो — नाही. मी समलिंगी आहे, देवाने मला असंच घडवलं, त्याबद्दल त्याचे उपकार मानायला आलोय.

मग ग्रेसमावशी, आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, काठी टेकत उठल्या आणि त्यांनी गाणं सुरू केलं. बेसूर. अर्ध्या लोकांनी सूर धरला, अर्ध्यांनी धरला नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की कमिटीच्या मते मी गायनमंडळात उभं राहू नये. आता मी शेवटच्या बाकावर बसतो आणि तिथून गातो. तिथून बेस जास्त घुमतो, खरं सांगतो. पुढच्या बाया वळून वळून बघतात. वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण ज्याच्यासाठी गातो त्याने मला तिथून उठवलेलं नाही, आणि हा आनंद मला कुठल्याही कमिटीने दिलेला नाही.

त्या दिवसापासून काही लोक माझा हात हातात घेऊन म्हणतात, तू शूर आहेस. ते ऐकलं की माझं तोंड कडू होतं.

आता अवघड.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत पेटी वाजवायला एक जण होता. त्याला मी सुबोध म्हणतो. माझ्याच वयाचा, विशीतला, उंच, हसला की डोळे पार मिटायचे. आम्ही सक्करदरा तलावावर जाऊन बसायचो, भुईमुगाच्या शेंगा खायचो आणि नाताळची गाणी बसवायचो — मे महिन्यातसुद्धा. एकदा त्याने माझा हात धरला आणि मी सोडवून घेतला नाही. तो म्हणाला, त्याचं माझ्यावर प्रेम आहे. मी म्हणालो, माझंही. म्हणालो होतो. हे मी आजही नाकारत नाही, तेव्हा मात्र —

थांबा. नीट सांगतो.

बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची, आम्ही तिला कॉटेज म्हणतो. त्या बुधवारी ती ग्रेसमावशींकडे होती. मंडळीत आम्हा दोघांना दावीद-योनाथान म्हणायचे, बायबलातल्या जिवलग मित्रांवरून, कौतुकाने. त्या दिवशी एक वडीलधारे गमतीत म्हणाले, या दोघांची लग्नं लावून टाका बुवा — एकमेकांशी नाही हो! सगळे हसले. साधा विनोद होता. पण मला वाटलं, यांना कळलंय. तेवढ्यात पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाचा काही प्रार्थनेचा विषय?

तुम्हाला आमची रीत सांगायला हवी. आमच्यात चुगली करणं पाप आहे. पण तीच गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितली, की लोक माना खाली घालून, डोळे मिटून, अगदी प्रेमाने ऐकतात. कुणाचा नवरा पितो, कुणाची मुलगी कुणाबरोबर फिरते — सगळं असंच कळतं. मी हात वर केला. म्हणालो, आपल्या सुबोधसाठी प्रार्थना करा. त्याला पुरुषांचा मोह आहे. बिचारा फार झगडतोय.

माझा आवाज कापत होता. भीतीने. त्यांना ते प्रेम वाटलं.

तो समोरच बसला होता, पेटीवर हात ठेवून. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुढचं वाक्य यायचं असलं की माणूस पाहतो, तसं. मी डोळे मिटले. लांबलचक प्रार्थना झाली आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन मी म्हटलं. मग शेवटचं गीत होतं. त्यानेच सूर दिला. चहा न घेता तो गेला. त्याला सगळं बोलता आलं असतं — तलाव, हात, माझं "माझंही". त्याने एक अक्षर काढलं नाही.

पेटी दुसऱ्याकडे गेली. त्याच्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक फिसकटली. तो मंडळी सोडून लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला. आणि मी? मित्राचा केवढा भार वाहतो, म्हणून माझं कौतुक झालं. पुढच्या वर्षी मला तरुण संघाचा सेक्रेटरी केलं. मी झालो.

पुढे मी लकडगंजाकडे फिरकलोच नाही. घराचं दार बदलायचं होतं तेव्हा आई म्हणाली, सागवान घेऊ. मी हट्टाने लोखंडी दार बसवलं. आई अजून त्या दाराच्या आवाजावरून मला बोलते.

गेल्या महिन्यात मी गेलो. आनंदामुळेच गेलो, तुम्हाला विचित्र वाटेल. घाबरलेला असताना मला हे उचलताच आलं नसतं. तो आरा मशीनपाशी उभा होता, केसांत भुसा, पोट सुटलेलं. मला पाहून हसला, डोळे मिटले. टपरीवर चहा घेतला. तो दुसऱ्या मंडळीत पेटी वाजवतो, त्याचं बरं चाललंय. मी त्याला सगळं सांगितलं, जणू त्याला माहीतच नव्हतं. त्याने चहावर फुंकर घातली.

"तू खोटं काहीच नाही बोलला गा," तो म्हणाला. "मायाबद्दल जे म्हटलं ते खरंच होतं. मी तुयाकडे पाहून राहिलो होतो. मले वाटलं, आता म्हणशील — आमच्या दोघांसाठी प्रार्थना करा. तसं म्हटलं असतं तं मीबी आमेन म्हटलं असतं."

दोघांसाठी. इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्याचं गुपित फोडलं. त्याचा हिशोब वेगळाच होता. मी त्याला एकटा मोजला होता.

मी विचारलं, मंडळीत उभं राहून सगळं सांगू का? त्याने मान हलवली. "मायं नाव आता तिथं नको घेऊ. बहिणीचे लेकरं लग्नाले आले. तुयं घे." आतून कुणीतरी हाक मारली, मशीन सुरू झालं आणि तो गेला. माफ केलंस का, हे मी विचारलं नाही.

म्हणून त्याचं नाव इथे बदललं आहे. माझं बदललेलं नाही. मी शमुवेल. देवाने मला असा घडवला आणि मी त्याला आवडतो, हे मी आता कुणाकडून तपासून घेत नाही. सकाळी उठतो तेव्हा खुशीत उठतो. आणि ज्याच्यावर माझं प्रेम होतं, त्याला त्या बुधवारी भरल्या खोलीत मी एकट्याला पुढे केलं, आणि डोळे मिटून घेतले.