महानंदा अक्कांचं पाव्हणं

महानंदा अक्का म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. श्रावणात गेल्या. छातीत दुखतंय म्हणल्या, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. श्वेता म्हणाली कस्तुराताई, अक्कांचं तुम्ही लिहा, तुम्ही जवळ होता, बोलता तसंच टाइप करा. म्हणून करतेय.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. अक्कांचे मालक लवकर वारले, मूलबाळ नाही, तेव्हा दयानंद म्हणजे आमचे हे त्यांना इकडं बेंगळुरूला घेऊन आले. के. आर. पुरमला भीमाचार्यांच्या घरात खालचा मजला आमच्याकडं भाड्यानं आहे. पुढच्या खोलीत अक्कांचं शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल, पिको. हात चांगला, तोंड फटकळ. कोण बाई म्हणाली की ब्लाउज घट्ट झालाय, तर अक्का म्हणायच्या, "माप तेच हाय. तू वाढलीस."

ही श्वेता पुण्याची, मारतहळ्ळीला कंपनीत आहे. कुर्ते फिटिंगला घेऊन यायची. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरची आजारी कुत्री सोडवून आणणाऱ्या लोकांबरोबर काम करते. एकदा कुर्ता द्यायला आली आणि रडायलाच लागली.

"काकू, एक म्हातारा डॉग आहे. पोटात ट्यूमर, लिव्हरपर्यंत गेलाय. डॉक्टर म्हणतात महिना, फार तर दीड. शेल्टरमध्ये इतका आवाज असतो, तो खातच नाही. शेवटचे दिवस तरी कुणाच्या घरी फॉस्टरला मिळाले असते ना..."

"म्हंजे सांभाळायला?"

"हो."

"चावतंय का?"

"नाही हो, एकदम शांत आहे."

"मग आण. पण फिरवायला जमणार न्हाई, माझे गुडघे दुखतात."

"त्याचे पण दुखतात काकू."

"मग जमंल आमचं."

मला विचारलं नाही, ह्यांना पण नाही. दुसऱ्या दिवशी कुत्रं दारात.

तांबडं, मोठं, गळ्याभोवती केस गेलेले. होसकोटेकडं कुठल्या तरी गोडाऊनच्या गेटला साखळीनं बांधलेलं असायचं म्हणे. ऊन, पाऊस सगळं तिथंच. गोडाऊन बंद झालं, माणसं गेली, हे तिथंच बांधलेलं राहिलं. त्याला घरात यायचं असतं हेच माहीत नव्हतं. पायपुसण्यावर बसायचं बाहेर. अक्का आतनं म्हणायच्या, "पाव्हणं, आत या की. पाट मांडू का?" तेच नाव पडलं. आठवडाभरानं एकदा दुपारी आलं आत आणि मशीनखाली जाऊन झोपलं. अक्का पायडलवरचा पाय काढून तशाच बसून राहिल्या. उठेल म्हणून मशीन चालवेनात.

त्या दिवसापासून अक्कांच्या डोक्यात एकच. मला म्हणल्या, "कस्तुरा, आता हे जाईल तेव्हा घरात जाऊ दे. अख्खा जन्म बाहेर काढलाय त्यानं."

मी म्हणलं, बरं.

भीमाचार्य वरच्या मजल्यावर राहतात. माणूस वाईट नाही. कुत्रं आणलं तेव्हा "स्वल्प दिवस ना अक्का? सरी, ठेवा," म्हणून वर गेले. पण एक दिवस सकाळीच पंचांग काखेत घेऊन खाली आले.

"अक्का, उद्यापासून धनिष्ठा पंचक."

इकडं हे फार पाळतात. त्या पाच दिवसांत घरात कोण गेलं तर घर सोडायचं, कुलूप लावून काही महिने बाहेर राहायचं. आमच्या गल्लीत एक घर तसं बंद होतं, गेटला वेल चढला होता.

अक्का म्हणल्या, "अहो आचार्य, ते माणसाला. कुत्र्याचं कुठलं नक्षत्र?"

"जीव तो जीवच की."

"मग माळ्यावर उंदराचं औषध ठेवता ते पंचक बघून ठेवता काय हो?"

वर जिन्यात त्यांच्या बायको सत्यवतीअम्मा उभ्या होत्या, त्या हसल्या. आचार्य लाल झाले. पण म्हणाले, "मला दुसरं घर नाही. कुलूप लागलं तर तुम्ही पण रस्त्यावर, आम्ही पण. पाच दिवस दुसरीकडं ठेवा."

दुसरीकडं म्हणजे कुठं? श्वेताच्या एचएसआर भागातल्या फ्लॅटमध्ये दोन मांजरी. गाडीत बसवलं की हे ओकायचं. आमचे हे म्हणाले, "अक्का, शेल्टरला जाऊ दे की पाच दिवस."

"आणि तिथं गेलं म्हंजे? पिंजऱ्यात?" मग आचार्यांकडं बघून म्हणल्या, "पंचक घराला लागतंय न्हवं? अंगणाला तर न्हाई?"

आचार्यांनी जरा विचार केला. "छपराखाली नको," म्हणाले.

झालं. गेटच्या आत होंगेचं, म्हणजे आपल्या करंजाचं झाड आहे, त्याखाली अक्कांनी खाट टाकली. मशीन पण बाहेर काढायला लावलं ह्यांना. गिऱ्हाइकं तिथंच यायची, उभ्या उभ्या मापं द्यायची. झोपायच्या पण तिथंच. मी ताट नेऊन द्यायची.

पण आता पाव्हण्याला घराची सवय लागली होती. सारखं उठायचं, दारापर्यंत जायचं, उंबऱ्याला नाक लावून उभं राहायचं. अक्का जाऊन गळ्यात हात घालून परत आणायच्या. "चला पाव्हणं. अजून आपला नंबर लागला न्हाई."

चौथ्या दिवशी ते उठलंच नाही. पोट टम्म फुगलेलं, धाप लागलेली, पाणी पण तोंडात राहीना. श्वेता डॉक्टरबाईंना घेऊन आली. त्यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या आता थांबू नका, झोपेचं इंजेक्शन देऊ या, ह्याला दुखतंय.

सत्यवतीअम्मा खाली आल्या होत्या. अक्कांच्या मनात काय आहे हे त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "अक्का, उद्या दुपारी पंचक सुटतंय. एक रात्र काढा. मग आत न्या आणि आत द्या इंजेक्शन."

अक्कांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "उद्यापर्यंत काढंल?"

"काढेल. मी औषध देते. पण दुखायचं पूर्ण थांबणार नाही."

अक्का खाटेवर बसल्या. श्वेता नाक पुसत होती. आचार्य जिन्यात येऊन थांबले होते. तेच बोलले शेवटी, "अक्का, आजच न्या आत. मी काही म्हणणार नाही."

अक्का म्हणल्या, "नको. तुम्ही वर्षभर झोपणार न्हाई मग. आणि सत्यवतीअम्मांना पण झोपू देणार न्हाई."

मग डॉक्टरबाईंना म्हणल्या, "मला आत न्यायचंय म्हणून ह्यानं रात्रभर दुखत पडायचं काय? द्या इथंच."

खाली मातीत बसल्या. गुडघे वाकत नव्हते, मी धरून बसवलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आधी एक इंजेक्शन दिलं, ते झोपलं. मग दुसरं. वेळ लागला नाही. अक्का रडल्या नाहीत. त्याच्या कानामागं खाजवत होत्या, डॉक्टरबाईंनी झालं म्हणून सांगितलं तरी खाजवत होत्या.

श्वेताच्या लोकांनी गाडी आणली होती, घेऊन गेले. आचार्यांनी स्वतः बादलीनं अंगण धुतलं. अक्कांनी आंघोळ केली. ह्यांनी मशीन आत घेतलं तेव्हा अक्का म्हणल्या, "हळू. सुई मोडंल."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, अक्का, बाहेर गेलं म्हणून वाईट वाटतंय का.

"वाटतंय की," म्हणल्या. "पण ते मला वाटतंय. त्याला काय न्हाई."

आणि ब्लाउजला हुक लावायला घेतले.