मीठवाल्यांची खूण

हिसाएनं स्वतःच्या मरणाची बातमी ऐकली ती इनुकीच्या चढावर. सायकल सगळ्यात हलक्या गिअरवर होती, मांड्या पेटल्या होत्या आणि घाम नाकावरून थेट ओठांत उतरत होता.

आधी खांबावरचा भोंगा खरखरला. मग दोरवाल्या काकांचा आवाज आला.

"मीठवाल्यांची... सून... समुद्रातून... काढली आहे. घरच्यांनी... ताबडतोब... दवाखान्यात... यावं."

आमच्या बेटावर भोंग्यावरून बोलायचं तर शब्द असे सुटे सुटे टाकावे लागतात. नाहीतर डोंगर ते परत फेकतात आणि सगळ्याचा काला होतो. काका हे काम जन्मभर करत आलेत. बोट किती वाजता सुटणार, कुणाची म्हातारी वाट चुकली, लाट येणार का, कोण गेलं, सगळं त्यांच्याच तोंडून. त्यामुळे ऐकण्यात चूक व्हायला जागाच नव्हती, आणि आमच्याकडे समुद्रातून 'काढली' म्हणजे गेलीच. हिसाएचे पाय पेडलवर आपोआप दोन फेरे फिरले आणि थांबले. मीठवाल्यांच्या घरात सून एकच होती, आणि ती इथं चढावर, एक पाय डांबरावर टेकून, आ वासून भोंग्याकडे बघत उभी होती.

आता मीठवाले म्हणजे कोण, ते सांगायला हवं. आमच्या गावात झाडून सगळे उराबे आडनावाचे. पोस्टमन नवा आला की पहिला उन्हाळाभर रडकुंडीला येतो. म्हणून आम्ही एकमेकांना घराच्या नावानं ओळखतो. दोरवाले, चुनेवाले, मीठवाले. मीठ पिकवणं बंद होऊन जमाना झाला, घराचं नाव कुठं जातंय! प्रत्येक घराची खूणही आहे. बादली, टोपली, गमबूट, जाळ्याचा बोया, ज्याच्या त्याच्यावर ज्याची त्याची खूण. मीठवाल्यांची खूण म्हणजे डोंगराचा एक कोन आणि त्याखाली टिंब. इथल्या माणसाला आकडा दाखवा, नाव दाखवा, तो आधी खूण वाचणार.

हिसाए इथली नव्हेच. ती आली आतल्या डोंगरातून, चहाच्या मळ्यांमधून. लग्न होऊन बोटीतून उतरली तेव्हा गुडघाभर पाण्यालाही भ्यायची. नवरा मोरिहिरो माकूळ पकडायला जायचा. एका रात्री त्याची होडी रिकामी परत आली, आणि दुसऱ्या दिवशी याच भोंग्यावरून, याच काकांनी, असेच सुटे सुटे शब्द टाकून त्याची बातमी सांगितली. त्याची आई किनु तेव्हा मुळा चिरत होती. म्हणतात की तिनं तो मुळा शेवटपर्यंत चिरला. त्यानंतर म्हातारीनं समुद्राला पाय लावला नाही. बाजारातून येताना किनाऱ्याचा रस्ता टाळून वरच्या वाटेनं यायची.

मूलबाळ नव्हतं. हिसाए माहेरी जाईल, असं सगळं गाव धरून चाललं होतं. ती गेली नाही. दोघींनी घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना उतरायला दिल्या आणि खाली खानावळ मांडली. आणि एका वसंतात हिसाए चक्क पोहायला शिकायला लागली.

"लाज वाटत नाही? ज्या पाण्यानं नवरा नेला त्यात डुंबायला?" किनुनं विचारलं होतं.

"रोज खिडकीतून बघायचं आणि रोज भ्यायचं, किती दिवस करू, आई?"

म्हातारी तशी बोलायचीच कमी. सुनेला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती. "अगं", "हे बघ", आणि परक्यांसमोर "आमच्या घरची". हिसाए हे नाव घ्यायचा तो एक मोरिहिरो. तो गेल्यावर बेटावर ते नाव उच्चारणारं कुणी उरलं नाही. गावाला ती मीठवाल्यांची वहिनी, सरकारी माणसांना उराबे बाई.

पुढे बेटावर ही शर्यत सुरू झाली. आधी पोहायचं, मग सायकलवरून इनुकीची खिंड ओलांडायची, मग धावायचं. शहरातले लोक ट्रायथलॉन म्हणतात, आम्ही नुसतं "तिहेरी" म्हणतो. हिसाए दर वर्षी उतरायची आणि दर वर्षी खिंडीत अडकायची. ती वर पोचेपर्यंत वेळ संपून रस्त्यावर दोरी आडवी झालेली असायची. गावानं तिला चिडवून घेतलं. "वहिनी, खिंडीत घर बांधा, दर वर्षीचा मुक्काम सोयीचा होईल!" तीही हसायची, पण रात्री पायांना तेल चोळताना हसत नसे.

पहिल्या वर्षी किनुनं तिचा पोहायचा काळा रबरी सूट ओढून घेतला आणि होडी रंगवायच्या पांढऱ्या रंगानं खांद्यावर डोंगर आणि टिंब काढलं. हाताएवढं मोठं.

"हे काय, आई?"

"बुडलीस तर कुठं आणून टाकायचं ते कळायला नको?"

ही झाली म्हातारीची शुभेच्छा. त्यानंतर दर वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी ती तो रंग पुन्हा गडद करायची. या वर्षीही केला. पण हिसाएनं या वर्षी गुपचूप नवा सूट घेतला होता, हलका, अंगाबरोबर बसणारा. म्हातारीला सांगायचं टाळलं. आणि सकाळी शर्यतीसाठी वरच्या खोलीत उतरलेली निवा नावाची पोरसवदा मास्तरीण रडवेली होऊन खाली आली, तिचा सूट घरीच राहिला होता. हिसाएनं जुना सूट तिच्या हातात ठेवला. किनु तेव्हा मागच्या अंगणात मासे वाळत घालत होती.

हे सगळं हिसाएला चढावर एका क्षणात आठवलं असं नाही. आधी तिला वळणावर उभा असलेला गेंजी दिसला. चुनेवाल्यांचा थोरला, सायकलवाल्यांना पाणी द्यायला बसवलेला. त्यानं भोंगा ऐकला होता आणि आता तो तिच्याकडे बघत होता. हातातला पेला त्यानं स्वतःच्याच पायांवर ओतला.

"वहिनी... तुम्ही तर मेलात ना?"

"मेलेली बाई चढावर सायकल हाणते का रे?"

"मग काढली कोण?"

तेव्हा तिला तो पांढरा डोंगर आठवला. निवा! तिच्या दंडावर शर्यतीचा हा भला मोठा आकडा लिहिलेला असताना काकांनी खूण वाचली आणि भोंगा लावला. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली, त्याहून वाईट. घरात किनु एकटी होती, आणि गावातला एक भोंगा स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होता.

"गेंजी, घरी फोन लाव. लवकर!"

त्यानं लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजत राहिला.

"कुणी उचलत नाही," गेंजी म्हणाला. मग वर खिंडीकडे आणि परत तिच्याकडे बघून चाचरत म्हणाला, "वहिनी, आज तुम्ही वेळेत आहात. दोरी पडायला बराच अवकाश आहे. मी निरोप पाठवतो ना कुणाबरोबर तरी."

हिसाएनं खिंडीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती उघडी दिसत होती. उलट दिशेनं एक चाक फिरलं की शर्यतीतून बाद, हा नियम तिला पाठ होता. तिनं सायकल वळवली.

उतारावर ती ब्रेक न लावता सुटली. चढणारे शहरी गडी ओरडत होते, "ओ बाई, उलट्या चाललात!" देवळाच्या भिंतीपाशी सकाळी तिला टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्या अजून तिथंच होत्या, पण आता गप्प होत्या. ती वळणावरून बाहेर येताच एकीनं हात जोडले आणि डोळे मिटून काही पुटपुटायला लागली. चुनेवाल्यांची आजी तर मटकन रस्त्यातच बसली.

"जिवंत आहे मी!" हिसाए ओरडली. त्यानं काही फरक पडला नाही. आपल्यालाच आपण जिवंत आहोत हे ओरडून सांगावं लागतंय, याचा तिला इतका धक्का बसला की पुढच्या वळणावर ती जवळजवळ कठड्यावर गेली.

दवाखान्याच्या दारात चपलांचा ढीग होता. अर्धं गाव आत शिरलेलं. हिसाए बूट न काढता तशीच आत गेली, तिचे सायकलचे बूट फरशीवर खाडखाड वाजले, आणि सगळी डोकी वळली. दोरवाले काका भिंतीला टेकून उभे होते, ते घसरत खाली बसले.

"मी खूण बघितली," ते एवढंच म्हणत राहिले. "मी खूण बघितली गं."

खाटेवर निवा होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, अंग थरथरतंय, पण डोळे उघडे. पेटका येऊन पाणी प्यायली होती, संध्याकाळपर्यंत बरी होणार होती. हिसाएला बघून ती मुखवट्यातूनच माफी मागायला लागली. कापून काढलेला सूट खाली पडला होता, पांढरा डोंगर मधोमध चिरलेला.

"आई कुठं आहेत?" हिसाएनं विचारलं.

नर्सचा चेहरा उतरला. "आजी आल्या होत्या. सूट बघितला, खाटेशी बसल्या, हिचा हात हातात घेतला. डोळ्यांना कमी दिसतं ना त्यांना. तळवा चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, ही आमची नाही." नर्सनं उघड्या दाराकडे पाहिलं. "आम्हाला वाटलं, चला, सुटलो. तर उठल्या आणि ओरडल्या, मग आमची कुठंय? कुणी अडवायच्या आत पळाल्यासुद्धा."

हिसाए तिथं थांबली नाही. म्हातारीचा हिशोब तिला लख्ख कळला. खुणेचा सूट दुसऱ्याच्या अंगावर निघाला, म्हणजे आपली सून खुणेशिवाय पाण्यात गेली, आणि खुणेशिवाय गेलेलं माणूस तिच्या दारात कोण आणून टाकणार? मोरिहिरोला तरी कुणी आणलं होतं?

किनाऱ्यावर शर्यतीच्या कमानीपलीकडे माणसं जमली होती. किनु कमरेइतक्या पाण्यात होती. अंगात स्वयंपाकाचा एप्रन, तो लाटेवर फुगून वर आलेला. पहाऱ्याच्या होडीवरचे दोघं तिला धरू बघत होते आणि ती त्यांचे हात झटकून खोल समुद्राकडे तोंड करून हाका मारत होती.

"हिसाए! ए हिसाए!"

हिसाए वाळूत थिजली. ती हाक आपल्याला आहे हे तिच्या आधी ध्यानातच आलं नाही, इतकं ते नाव परकं झालं होतं. ध्यानात आलं तेव्हा ती बुटांसकट पाण्यात धावली.

"आई! इकडे बघा. मागे. मी मागे आहे."

किनु वळली. धुंडाळत तिनं हिसाएचा हात पकडला, तळवा उलटा केला, मासे कापताना पडलेला जुना व्रण अंगठ्यानं दाबून पाहिला. मग तोंडावरून हात फिरवला. आणि मग फाडकन मुस्कटात दिली. होडीवरचे दोघं मागे सरकले.

"खूण कुठंय?"

"नवा सूट होता, आई. त्यावर नव्हती."

"खुणेशिवाय गेलीस? सापडली असतीस तर कुणाच्या दारात नेलं असतं तुला? उराबे म्हणून? इथं कुत्रंसुद्धा उराबे आहे!" तिनं फुगलेला एप्रन खाली दाबला. "तुझ्या माहेरी पाठवलं असतं. डोंगरात. तिथं पुरलं असतं. आणि मी काय करायचं होतं?"

हिसाएचा गाल चुरचुरत होता आणि ती लहान पोरीसारखी हमसून रडत होती.

म्हातारीनं तिला ओढत वाळूवर आणलं. दंडावर आकडे लिहायचा जाडा काळा पेन पंचाच्या हातात होता, तो तिनं सरळ काढून घेतला. हिसाएच्या दंडावर, शर्यतीच्या आकड्यावरूनच, चाचपत डोंगर काढला. टिंब डोंगराच्या खाली पडायचं ते बाहेर पडलं. तिनं ते पुन्हा काढलं, तेही बाहेर.

"हं. आता जा, पळ. वेळ जाईल."

"आई, माझी शर्यत गेली. मी उलट आले."

किनुनं खिंडीच्या दिशेनं पाहिलं. तिला ती दिसणं शक्यच नव्हतं.

"मग घरी चल. भात ठेवून आलेय, करपला असेल," ती म्हणाली.

दोघी किनाऱ्याच्याच रस्त्यानं निघाल्या. घर येईपर्यंत म्हातारी तिला पुन्हा "अगं"च म्हणत होती, पण दंड तिनं सोडला नाही.