मी खोडलेलं नागपूर

मी एकदा नागपूर खोडून टाकलं होतं. निळ्या शाईच्या पेनानं, दोन आडव्या रेघा मारून. नागपूरला त्याचं काही वाटलं नाही, ते जिथल्या तिथंच राहिलं. पण त्या दोन रेघांपायी आमच्या समोरच्या मावशींवर लेकीचं बाळंतपण हुकायची वेळ आली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती.

हे आठवायचं कारण माझी नात. तिची नोकरी अशी की महिन्यातून चारदा विमानात. आणि प्रत्येक प्रवासाचं ती इंटरनेटवर लिहिते. वाचणारेही तिच्यासारखेच, कायम उडणारे. परवा मी म्हटलं, वाचून दाखव. तर त्यात काय? सीटचा नंबर, पुढच्या सीटपासून गुडघ्याला किती जागा उरते, चार्जिंगचं भोक चालतं की नाही, उपमा गरम होता की कोमट, संडासाला रांग किती, बॅग पट्ट्यावर यायला किती मिनिटं लागली.

मी म्हटलं, "अगं, आभाळाबद्दल एक ओळ तरी?"

ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "आजी, आसमान तो सबका एक ही है. लोगों को ये जानना होता है कि उनके साथ क्या होगा."

हीच गोष्ट मावशींनी मला चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकवली होती. फक्त त्यांची शिकवणी जरा महागात पडली.

नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर एकाएकी राजधानी झालं, त्या दिवसांतली ही गोष्ट. कालपर्यंत सायकलवर जाणारे साहेब लाल दिव्याच्या गाडीत दिसू लागले. सदर बाजारातले सराफ सकाळी दिल्लीला जाऊन संध्याकाळी दुकानावर बसू लागले, आणि गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवता दाखवता ते सांगूही लागले. आमच्या मराठी मंडळात तर सरळ दोन जाती झाल्या: विमानात बसलेले आणि न बसलेले. मंडळाच्या सेक्रेटरींची बायको एकदा दिल्लीला जाऊन आली, तर तिच्या पर्सला विमान कंपनीची कागदी पट्टी पुढचे आठ महिने लटकत होती. हळदीकुंकवाला आली की पर्स मांडीवर अशी ठेवायची, की पट्टी आपल्याकडे.

मग माझ्या भावानं मुंबईत घर घेतलं आणि वास्तुशांतीला आम्हाला विमानाची तिकिटं पाठवली. मी एकदा जाताना बसले, एकदा येताना. झाले दोन प्रवास. परत आल्यावर मी बोलताना "आम्ही विमानानं जातो तेव्हा" अशी सुरुवात करू लागले. हे पाटबंधाऱ्यात होते, स्वभावानं गरीब. ते नुसते चष्मा पुसायचे.

खरं सांगायचं तर त्या प्रवासात मी काही पाहिलंच नव्हतं. मला मधली सीट मिळाली. खिडकीशी एक जाडसे गृहस्थ होते, त्यांनी बसल्या बसल्या पडदा ओढला आणि घोरायला लागले. पलीकडे हे. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते, जणू मी सोडली तर विमान पडणार. पट्टा कसा सुटतो ते कळलं नाही म्हणून आख्खा प्रवास बांधलेल्या म्हशीसारखी बसून राहिले, आणि बाथरूमला जायचं होतं ते थेट भावाच्या घरी गेले.

आणि मध्ये विमान नागपूरला उतरलं. चांगलं अर्धा तास थांबलं. मुंबईवाल्यांनी आत बसून राहायचं, नागपूरवाल्यांनी उतरायचं, नवे लोक चढायचे. झाडूवाली आली, "पाय वर घ्या ताई" म्हणाली. हुबेहूब एसटी. फक्त चहावाला तेवढा यायचा बाकी होता. आणि नागपूर म्हणजे माझं माहेर! जिथं मी आयुष्यभर सेकंड क्लासनं जात आले, तिथं विमानानं मला उचलून नेऊन परत उभं केलं. मला इतका राग आला की काय सांगू.

त्या वर्षी गणपतीत मंडळानं बायकांच्या अनुभवकथनाची एक संध्याकाळ ठेवली. मी 'मेघांच्या गावा' असं नाव देऊन सात पानी लेख लिहिला. न पाहिलेले ढग मी कापसाचे केले, लोण्याचे केले, एका ठिकाणी तर हंसांचे थवे केले. इमानानं नागपूरचा थांबाही लिहिला होता. मग वाचून पाहिलं. हंसांच्या थव्यानंतर झाडूवाली काही केल्या शोभेना. शिवाय सेक्रेटरीणबाई दिल्लीला थेट गेली होती, मध्ये कुठं न थांबता. मी पेन उचललं आणि दोन रेघा मारल्या. आता माझं विमान रायपूरहून उडे आणि सरळ मुंबईला उतरे. सात पानांत कामाचं वाक्य एकच होतं: "कानात कापूस घालावा." ते मला भावानं सांगितलं होतं.

लेख झाला. टाळ्या पडल्या. सेक्रेटरीणबाईंनी पर्स उलटी केली, ते मी स्टेजवरून पाहिलं. मग पहिल्या रांगेतून मावशी उठल्या.

या मावशी म्हणजे आमच्या बुढापारा वस्तीतल्या गल्लीत समोर राहणाऱ्या. मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, रिटायर झालेला. त्यांना सगळी गल्ली काका म्हणे. मावशींनी विचारलं, "पोरी, तो पट्टा कसा सुटते वं?"

मी हसले. "मावशी, ते काय लेखात लिहायचं असतं?"

"अन् लघवी लागली तं?"

हॉल हसला. मी लाजल्यासारखं केलं, जशी काही विमानात बसणाऱ्यांना लघवी लागतच नाही.

मागून काका म्हणाले, "मधात नागपूर लागलं असंन ना? नागपूरले तं मालगाडी बी थांबते."

आता बघा, तो क्षण होता. हो म्हटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मी स्टेजवर होते. मी म्हटलं, "काका, विमानाला काय सिग्नल असतो?"

काका खाली बसले. मावशींनी मात्र लेखाची झेरॉक्स मागून घेतली. पोरगी मुंबईत दिलेली आहे, कधी काळी कामी येईल म्हणाल्या.

ती वेळ डिसेंबरात आली. लेकीला नववा लागला होता आणि मावशी पुढच्या आठवड्याच्या रेल्वेनं जाणार होत्या. एका सकाळी जावयांचा फोन: पाणी कमी झालंय, डॉक्टर आज संध्याकाळीच ऑपरेशन करू म्हणतात. लेक अडून बसली होती, आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही. पहिली वेळ, सासू नाही, घरात बाईमाणूस असं कुणी नाही. डॉक्टरांनी सहापर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं. जावयांनी दुपारच्या विमानाचं एक तिकीट काढलं. काकांचे गुडघे गेलेले, म्हणजे मावशींनी एकटीनं जायचं.

मी 'नेहमी विमानानं जाणारी', म्हणून पोचवायला मीच. काका, मावशी आणि मी रिक्षानं गावाबाहेरच्या माना विमानतळावर गेलो. मावशींच्या एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात माझा लेख. मोठी बॅग आत दिली. दारापाशी त्या वळल्या आणि त्यांनी विचारलं, "विमान उतरलं का उठाचं, असंच ना?"

"हो. उतरलं की मुंबईच," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नाही. तीन महिन्यांत इतक्या जणींना तो लेख वाचून दाखवला होता की माझाच माझ्यावर विश्वास बसला होता. ढग मी पाहिले होते. हंस पाहिले होते. नागपूर नव्हतं.

परत येताना रिक्षात काका गुडघा चोळत बसले होते. बुढा तलावाजवळ आलो तेव्हा सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तरी मले वाटते, नागपूरले थांबत असंन. इंधन भराले तरी."

आणि मला ती झाडूवाली दिसली. पाय वर घ्या ताई.

"काका," मी म्हटलं, "थांबतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते आयुष्यभर हिरवी-लाल झेंडी दाखवत आलेले. एवढंच म्हणाले, "मंग मावशी तिथंच उतरते."

मी रिक्षा थांबवून पहिल्या दिसलेल्या पीसीओत घुसले. विमानतळाचा फोन लागेना. मग दवाखान्यात जावयांना लावला. म्हटलं, "अहो, मावशी कदाचित नागपूरला उतरतील."

"नागपूरला त्यांचं काय काम?" ते म्हणाले.

आता यावर काय सांगणार? मी लेखाबद्दल सांगायला लागले. हंसांपर्यंत आले तेव्हा त्यांनी फोन ठेवला.

पुढचं जे झालं ते मावशींनीच नंतर सांगितलं. विमान उडायच्या आधीच त्यांनी कानात कापूस घातला होता, माझ्या लेखाप्रमाणे. तेवढं एक वाक्य मी खरं लिहिलं आणि नेमकं तेच नडलं, कारण हवाईसुंदरी हिंदीत आणि इंग्रजीत जे काही नागपूर-नागपूर म्हणाली असेल ते कापसात गेलं. सीट खिडकीची होती. मावशी ढग शोधत होत्या. लख्ख ऊन होतं, ढगाचा पत्ता नाही. तेवढ्यात विमान उतरलं. पट्टा शेजारच्या माणसानं सोडून दिला. लोक उठले, मावशी उठल्या. लेखात लिहिलंच होतं: "विमान विसावले आणि मी मुंबापुरीच्या मातीवर पाऊल ठेवले."

विमानतळाच्या आत येऊन त्यांनी कानातला कापूस काढला आणि त्यांना फार बरं वाटलं. आजूबाजूला सगळे "काहून रे", "कुठी चालला" करत होते. मावशी मनात म्हणाल्या, मुंबईचे लोक उगाच बदनाम केले, हे तर आपल्यासारखंच बोलतात. मग सामानाच्या पट्ट्याशी उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या बॅगा आल्या, त्यांची येईना. त्यांनी एका सफाईवाल्याला विचारलं, "दादा, जावई लोक कुठीसा उभे रायतेत?"

"कुठून आल्या, मावशी?"

"रायपूरहून. मुंबईले."

तो माणूस म्हणे झाडू टाकून पळाला.

तिकडे विमानात डोकी मोजली, तर एक कमी. एक मुलगी कागद घेऊन धावत आली. मावशी लाडवांचा डबा छातीशी धरून तिच्यामागे पळाल्या. साठीला आलेली बाई, भर दुपारी, पायात रबरी स्लिपर. विमानाची दारं बंद करायची तेवढी राहिली होती. आत चढल्या तेव्हा सगळं विमान त्यांच्याकडे बघत होतं. मावशींनी मधल्या वाटेत उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "मी नाई बा उशीर केला. आमच्या शेजारणीनं केला."

पावणेसहाला त्या दवाखान्यात पोचल्या. लेक स्ट्रेचरवर, दाराशी. हात धरला, मग तिला आत नेलं. मुलगी झाली.

इकडे सात वाजता काकांकडे फोन आला. मी त्यांच्या ओट्यावरच बसले होते, तीन तास. काकांनी मला दोनदा चहा दिला, एकदाही रागावले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. बातमी ऐकून मी घरी गेले आणि लेखाची मूळ प्रत बंबात घातली. हे चष्मा पुसत म्हणाले, "ढग लवकर पेटले."

दीड महिन्यानं मावशी परत आल्या, विमानानंच. मी आठ दिवस मागच्या गल्लीनं ये-जा केली. नवव्या दिवशी त्यांचा निरोप आला: कागद-पेन घेऊन ये.

गेले. मावशी खाटेवर बसल्या होत्या. समोर बाळंतविड्यातले उरलेले लाडू ठेवले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात लाडू कोंबला.

"लिव्ह," म्हणाल्या. "पट्ट्याले मधात लोखंडी झाकण असते. ते वर उचलाचं, मंग सुटते. लिवलं? बाथरूम मागच्या बाजूले. दार ओढाचं नाई, मधात दाबाचं, मंग ते आत मोडते. मी येताना चार जणाईले दाबून दाखवलं. पाणी मांगलं तं देतेत, लाजाचं नाई. कापूस उतराच्या आंधी काढाचा. सामान शेवटच्या गावाले भेटते, मधात भेटत नाई."

मी लिहीत होते. माझी सात पानं एका बाजूला आणि हे अर्धं पान एका बाजूला. पुढच्या गणपतीत हेच वाचलं गेलं, आणि नंतर मंडळातली कुणीही पहिल्यांदा विमानात बसायला निघाली की त्या अर्ध्या पानाची झेरॉक्स पर्समध्ये घालून निघे. सेक्रेटरीणबाईसुद्धा. परवा नातीचं ऐकताना मला वाटलं, हिला हे कुणी शिकवलं?

"अन् आता मोठ्या अक्षरात लिव्ह," त्या दिवशी मावशी शेवटी म्हणाल्या. "नागपूरले विमान उतरते. त्याले उतरू द्याचं. आपण उतराचं नाई."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली थोडी जागा उरली होती. सवय वाईट. माझं पेन तिथं जरा घुटमळलं. मावशींनी ते पाहिलं, आणि लाडवाचा डबा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या,

"आता सांगतलं तसंच ठेव, पोरी. एक बी ढग घालशीन, तं पुढच्या खेपेले तुलेच नागपूरले उतरवून देईन."